गाडीचा पत्रा, मोबाईलची रेंज आणि माझा एक चुकलेला सल्ला



"डॉक्टर, गाडी म्हणजे लोखंडाचा डबाच की. काचा बंद केल्या की मोबाईलचं रेडिएशन आतल्या आत घुमत राहतं म्हणे. खरं का हो?"

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला निदान दहा-बारा जणांनी विचारला असेल. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश दाखवतो, कोणी शेजाऱ्यांचे ऐकून येतो. एका आजींनी तर लिफ्टमध्ये नातवाच्या हातातला फोन काढून घेतला होता. बीपी मोजता मोजता आम्ही डॉक्टर अशा प्रश्नांना काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतो. असेच एक उत्तर मीही दिले होते. ते चुकीचे होते, आणि त्याची किंमत माझ्या एका पेशंटला मोजावी लागली. ती हकीकत पुढे सांगतोच. पण आधी विषय नीट समजून घेऊ.

गाडी म्हणजे खरोखर बंद डबा आहे का?

धातूचा पत्रा रेडिओलहरी अडवतो, हे खरे आहे. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेली एक खोली तयार केली आणि दाखवून दिले की बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडल्या तरी आत त्यांचा परिणाम होत नाही. तुम्हीही घरी करून पाहू शकता. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये फोन दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. बहुधा तो वाजणार नाही.

पण गाडी अशी चहूबाजूंनी गुंडाळलेली नसते. तिला काचा असतात आणि साध्या काचेतून रेडिओलहरी आरपार जातात. किती जातात, हे लहरीची लांबी आणि खिडकीचे माप यांवर ठरते. ढोबळ नियम असा की खिडकी लहरीच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर लहर सहज आत येते, फारच लहान असेल तर बाहेरच अडते.

आता आकडे पाहा. आकाशवाणीच्या मीडियम वेव्हची एक लहर साधारण ३०० मीटर लांब असते. एफएमची साधारण ३ मीटर. मोबाईलची ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर, १८०० मेगाहर्ट्झची सुमारे १७ सेंटिमीटर आणि ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झची तर ९ सेंटिमीटरहूनही कमी. गाडीची खिडकी दीड-दोन फुटांची. म्हणजे मोबाईलच्या लहरींना ती दरवाजासारखी आहे, पण मीडियम वेव्हला ती सुईच्या छिद्राएवढी.

माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, एसटीत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची तर ट्रान्झिस्टर खिडकीला चिकटवून धरावा लागे. आत घेतला की नुसती खरखर. म्हणूनच मोटारीच्या रेडिओसाठी अँटेना बाहेर लावतात. पूर्वी ती लांब काडी असायची, आता छतावर माशाच्या पराएवढी असते. मोबाईलला मात्र अशी काडी लागत नाही, कारण त्याचे काम खिडक्यांवर भागते.

भागते, पण पुरते नाही. साध्या मोटारीत बसल्यावर सिग्नल बाहेरच्या तुलनेत सरासरी आठव्या भागाइतका उरतो, असे मोबाईल यंत्रणा आखणारे इंजिनिअर धरून चालतात. शहरात हे जाणवत नाही, कारण टॉवर जवळ असतो. घाटात, जिथे मुळातच एखादी कांडी रेंज असते, तिथे तो आठवा भाग म्हणजे शून्य. काचेवर ऊन अडवणारा धातूचा थर किंवा तशी फिल्म असेल तर सिग्नल आणखी घटतो. फास्टॅग पुढच्या काचेवरच का चिकटवायचा, याचेही उत्तर हेच. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. काचेतून त्या येतात, पत्र्यातून येत नाहीत.

मग रेडिएशन आत 'साठते' का?

नाही. लहरी आतल्या पत्र्यावर आपटून परत फिरतात, एवढे खरे. पण परत फिरणे वेगळे आणि साठणे वेगळे. रात्री खोलीतला दिवा मालवल्यावर भिंतींमध्ये उजेड साठून राहतो का? प्रकाश आणि रेडिओलहरी एकाच कुळातल्या. फोन बंद झाला की गाडीतल्या त्याच्या लहरीही तत्क्षणी संपतात. फोन चालू असतानाही बऱ्याच लहरी काचांमधून बाहेर निघून जातात. उरलेल्या सीट आणि माणसे थोड्या-थोड्या शोषून घेतात.

ही शंका अगदीच हवेतली नव्हती, हेही सांगायला हवे. २००२ मध्ये जपानमधल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने रेल्वेच्या डब्यात अनेक प्रवाशांनी एकदम फोन वापरले तर लहरींची पातळी बरीच वाढू शकते, असा हिशेब मांडला होता. त्या हिशेबात लहरींची गळती आणि शोषण यांना पुरेसे महत्त्व दिलेले नाही, हे त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा कोणी पुढे पाठवत नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे

तुमचा फोन हा हुशार प्राणी आहे. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, लांब असेल तर ओरडतो. कमी रेंजमध्ये तो आपली शक्ती कमाल पातळीकडे नेतो. घाटात फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते, ती याचमुळे.

पण ही 'कमाल' म्हणजे किती? ४जी फोनची साधारण ०.२ वॅट. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ८०० वॅटचा असतो, म्हणजे चार हजार पट. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी २०१२ पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो अशी ठरवलेली आहे आणि फोनची चाचणी तो पूर्ण शक्तीने चालू असताना घेतली जाते. तुमच्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर *#०७# डायल करून बघा.

एक्स-रे काढताना आम्ही गरोदर बाईंना आधी विचारतो, कारण एक्स-रेमध्ये पेशीतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. मोबाईलच्या लहरीत तेवढी ऊर्जा नसते. तिचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे किंचित उष्णता.

"पण जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅन्सरचं म्हटलंय ना?" असे पुढे विचारले जाते. २०११ मध्ये या संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रेडिओलहरींना '२बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. याचा अर्थ, पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्ण फिटलेली नाही. याच गटात आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्या आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. त्यानंतर या संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. विज्ञान कोणत्याच बाबतीत 'धोका शून्य' अशी सही करून देत नाही. पण माझ्या पेशंटनी ज्या गोष्टींची काळजी करावी, त्या यादीत गाडीतले रेडिएशन फार फार खाली आहे.

आता ती हकीकत

माझे एक पेशंट आहेत. निवृत्त शिक्षक, वय ६८, डायबेटिस आणि बीपी. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. उन्हाळ्यात तपासणीला आले असताना त्यांनी हाच प्रश्न विचारला. बाहेर पंधरा पेशंट बसलेले. मी चिठ्ठीवर सही करत म्हणालो, "सर, कशाला हवा गाडीत फोन? बसलात की बंद करून टाका. डोक्याला शांतता."

सर शिस्तीचे माणूस. मी लिहून दिलेली गोळी ते घड्याळ लावून घेतात. हाही सल्ला त्यांनी तसाच पाळला.

डिसेंबरमध्ये ते आणि बाई भाड्याच्या गाडीने महाडहून वरंधा घाटाने पुण्याला येत होते. चढणीवर सरांच्या छातीत दाटल्यासारखे झाले, घाम सुटला. आधी वाटले पित्त असेल, सकाळी मिसळ खाल्ली होती. सोडा घेतला. बरे वाटेना. सरांचा फोन बंद करून बॅगेत आणि बॅग डिकीत. बाईंकडे फोन नाही. ड्रायव्हरच्या फोनला रेंज नाही. त्या बिचाऱ्याने दोनदा गाडी थांबवली, पण एसी चालू, काचा बंद, आणि तो आपल्या सीटवर बसूनच फोन लावत राहिला. मग त्याने ठरवले की आता थांबायचे नाही, जमेल तितके पुढे जायचे.

तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत दुखणे सुरू होऊन दोन तास होत आले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी पुण्यात अँजिओप्लास्टी झाली. सर वाचले. पण हृदयाची पंपिंगची ताकद, जी साधारण ५५ टक्क्यांच्या वर असावी लागते, ती ४० वर आली. पूर्वी पर्वती चढणारे सर आता दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबतात.

नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "घाटमाथ्यावरच्या टपरीपाशी माझ्या कंपनीची रेंज असते डॉक्टर. मागे मुलाला तिथूनच फोन केला होता. पण या वेळी काही सुचलंच नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, बंद ठेवा म्हणून."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागले.

तिथून फोन लागला असता तर सगळे टळले असते, असा दावा मी करणार नाही. पण वेळेवर फोन झाला असता तर रुग्णवाहिका समोरून निघाली असती. मला फोन आला असता तर "पित्त नाही, हार्ट समजा, अ‍ॅस्पिरिन चावून घ्या, सोड्यात वेळ घालवू नका" एवढे तरी मी सांगितले असते. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद राहील तितका वेळ स्नायू मरत राहतो. तिथे अर्धा तास म्हणजे नुसता अर्धा तास नसतो.

एक गोष्ट मात्र ड्रायव्हरला, सरांना आणि खरे सांगायचे तर तोवर मलाही धड माहीत नव्हती. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा नंबर त्या जागी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो. स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' अशी अक्षरे येतात, त्यांचा अर्थ हाच. आपण ती 'रेंज नाही' अशी वाचतो आणि फोन खिशात टाकतो.

रुग्णवाहिकेबद्दल माझे मत

इतका वेळ मोटारीबद्दल बोललो. आता रुग्णवाहिकेकडे पाहा. ती तर मोटारीहून जास्त बंद. मागच्या भागाला काचा थोड्या, त्याही अपारदर्शक. आत डॉक्टर रुग्णाचा ईसीजी काढतो आणि तो मोठ्या रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवायचा असतो. तो पोचला तर रुग्ण येण्याआधी कॅथलॅब तयार ठेवता येते, किंवा वाटेत कुठे थांबून इंजेक्शन द्यायचे ते ठरवता येते. नाही पोचला तर सगळे दारात पोचल्यावर सुरू होते.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने मागचे दार उघडून, पायरीवर उभे राहून, फोन हवेत धरून ईसीजीचा फोटो पाठवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याच्या चिकाटीला सलाम. पण ही व्यवस्था नव्हे, ही कसरत आहे.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिने असंख्य जीव वाचवले आहेत आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच म्हणतो, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णवाहिकेच्या छतावर बाहेरून अँटेना असावी आणि ती आतल्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेल्या राउटरला जोडलेली असावी. अँटेना बाहेर गेली की पत्र्यामुळे जाणारा सिग्नल वाचतो. आणखी एक फायदा डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. सिग्नल सोडणारी अँटेना छताच्या वर आणि रुग्ण, मॉनिटर, व्हेंटिलेटर छताच्या खाली, म्हणजे मध्ये पत्र्याचा पडदा आला. जो पत्रा आत बसून फोन लावताना आड येत होता, तोच इथे राखण करतो. रुग्णवाहिकेच्या एकूण खर्चात हा खर्च किरकोळ आहे. आपण ऑक्सिजन सिलिंडर आहे का ते विचारतो, एसी आहे का ते विचारतो. 'आतून सिग्नल जातो का?' हेही विचारायला हवे.

जर्मनीत काही रेल्वेगाड्यांच्या काचांवर ऊन अडवणारा धातूचा थर असतो. त्यात लेझरने बारीक रेषा कोरून मोबाईलच्या लहरींना वाट करून दिली आहे. म्हणजे प्रश्न सुटण्यासारखा आहे, फक्त तो कोणाला तरी प्रश्न वाटला पाहिजे.

पैसे कशावर घालवू नका

'अँटी-रेडिएशन' स्टिकर घेऊ नका. त्याने लहरी अडत नसतील तर पैसे फुकट. अडत असतील तर फोन आणखी जोरात ओरडणार, म्हणजे उलटाच परिणाम. सिग्नल वाढवणारे बूस्टर परस्पर आणून गाडीत किंवा घरात बसवू नका. परवानगीशिवाय ते वापरणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे परिसरातल्या इतरांचे फोन बिघडतात. त्या इतरांत एखादा ११२ लावणाराही असू शकतो.

मग नेमके काय करावे?

१. गाडीत फोन चालू ठेवा, चार्ज केलेला ठेवा आणि हाताशी ठेवा. डिकीत नको. घाटातून जाताना शक्य तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे बरोबर असू द्या.

२. गाडी चालवताना मात्र बोलू नका. चालत्या गाडीत फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्स-फ्रीने तो फारसा कमी होत नाही. गाडीतल्या मोबाईलची खरी भीती ही आहे.

३. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे असे काही झाले तर गाडी सुरक्षित जागी थांबवा. दुसऱ्या कोणीतरी खाली उतरून, गाडीपासून काही पावले मोकळ्या जागेत जाऊन फोन लावावा. उतरता येत नसेल तर काच खाली करून फोन खिडकीशी धरा. रुग्णाला चालायला लावू नका.

४. रेंज दिसत नसली तरी ११२ लावून पाहा. बोलणे तुटत असेल तर एसएमएस पाठवा. त्याला फार कमी सिग्नल पुरतो. कुठे आहात ते आधी सांगा, मग काय होते आहे ते.

५. रेडिएशनची काळजी वाटतच असेल तर फोन कानापासून दूर ठेवा. स्पीकरवर बोलल्याने किंवा इअरफोन लावल्याने जो फरक पडतो, तो गाडीच्या काचा उघडून पडत नाही.

६. पेसमेकर असेल तर फोन छातीच्या खिशात ठेवू नका. निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि शक्यतो विरुद्ध बाजूच्या कानाला लावा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीतही छोटे अँटेना असतात. त्यापासून किती अंतर ठेवायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते वाचा.

७. विजा कडाडत असतील तर पत्र्याच्या बंद गाडीत बसून राहा, काचा वर करा आणि धातूच्या भागांना हात लावू नका. वीज पडलीच तर ती पत्र्यावरून जमिनीत जाते. हे संरक्षण पत्र्याचे आहे, रबरी टायरचे नव्हे. त्यामुळे कापडी छताची रिक्षा किंवा मोटारसायकल यांत ते मिळत नाही.

सर आता व्यवस्थित आहेत. औषधे वेळेवर घेतात, सकाळी सपाटीवर चालतात. मागच्या महिन्यात मुलाकडे निघाले तेव्हा आवर्जून क्लिनिकमध्ये डोकावले. फोन शर्टाच्या खिशात नाही, हातात. "चालू आहे डॉक्टर, फुल चार्ज," म्हणाले आणि हसले.

मी मात्र तेव्हापासून एक नियम केला आहे. पेशंटचा प्रश्न कितीही भाबडा वाटला तरी पेन खाली ठेवायचे, त्याच्याकडे बघायचे, आणि मगच उत्तर द्यायचे. उत्तर माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणायचे. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना तेवढा वेळ मागा. तो तुमचा हक्क आहे.

काळजी घ्या. आणि पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना ११२ बद्दल एवढे एक वाक्य जरूर सांगा.